पाच ओळींचा समुद्र

मे महिन्यात आमच्या गावात सकाळी साडेआठलाच ऊन ओट्यावर येऊन बसतं. यंदाच्या सुट्टीत मी धुळ्याहून माहेरी आले होते. अंगणात निंबाच्या सावलीत खाट टाकून बसले होते आणि हातातल्या फोनवर समुद्र बघत होते. निळ्या नकाशावर बारीक पांढऱ्या रेषा सरकत होत्या, मुंग्यांच्या रांगा निघाव्यात तशा, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. कुठंही बोट ठेवलं की आकडे उघडायचे. वाऱ्याचा वेग. लाटेची उंची. एका लाटेपासून दुसऱ्या लाटेपर्यंतचे सेकंद. खाली भरती-ओहोटीची नागमोडी रेघ, आणि तिच्यावर एक ठिपका, म्हणजे पाणी आत्ता इथवर आलंय.

एवढं कळायला आबांना अकरा वर्षं लागली होती.

आबा म्हणजे माझे वडील. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे. समोर कुणीतरी आहे एवढं डोळ्यांना कळतं, कोण ते आवाजावरून. कान मात्र अजून तिखट. सगळी हयात रावेर तालुक्यात केळी पिकवण्यात गेली. आता शेती भाऊ बघतो. समुद्र त्यांनी कधीही पाहिला नाही. आणि तरी एक काळ असा होता की आमच्या घरात जेवणाच्या ताटावर रोज समुद्र असायचा.

हा नाद त्यांना कसा लागला ते मला सांगता येणार नाही. मला कळायला लागलं तेव्हा तो होताच, घरातल्या जात्यासारखा. दिवेलागणीला रेडिओवर मच्छीमारांसाठी हवामान सांगत. रेडिओ धाब्यावर न्यावा लागे, कारण खाली मुंबईचं केंद्र नीट लागत नसे. आमचं घर धाब्याचं, वर सपाट मातीचं छत. उन्हाळ्यात तिथं कुरडया वाळत असायच्या आणि त्यांच्या आंबूस वासात आबा मांडी घालून, रेडिओची तार एका काठीला बांधून, डोळे मिटून बसायचे. आवाज यायचा, जायचा, पुन्हा यायचा. उत्तर महाराष्ट्र आणि दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर वारे इतक्या वेगानं. समुद्र शांत. समुद्र किंचित खवळलेला. समुद्र खवळलेला, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. आमच्या गावात मच्छीमार एकही नव्हता. तापीत जाळं टाकणारे दोघं-तिघं होते, पण त्यांना असला सल्ला कोण देणार. त्या आवाजाचा एकच श्रोता असावा असं मला लहानपणी वाटायचं, आणि तो आमच्या धाब्यावर बसलेला.

ऐकून झालं की वही. लांबट, जाड पुठ्ठ्याची. आबा बांधावर पाट सोडताना जितकी सरळ रेघ ओढत तितक्याच सरळ रेघा त्या वहीत. पहिल्या घरात तिथी. मग वाऱ्याची दिशा, वेग. मग समुद्र, एक ते पाच आकड्यांत. एक म्हणजे निजलेला, पाच म्हणजे पिसाळलेला. मग भरतीची वेळ, ती मुंबईच्या पेपरातून. पेपर रावेर स्टेशनावर एक दिवस उशिरा यायचा, म्हणजे भरती कालची असायची. त्याचं आबांना काही वाटत नसे. "पानी रोज पाऊण तास उशिरा येतं, वरून थोडं," ते म्हणायचे, "कालचं कळलं की आजचं कळलंच." हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षांच्या ओळी एकाखाली एक बघून त्यांनी ते काढलं होतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला तिथं दुपारी बाराच्या सुमारास पाणी भरतं, हेही. ज्या दिवशी हे सापडलं त्या दिवशी ते वही घेऊन चुलीपाशी आले होते. आई भाकरी थापत होती.

आई शिंदखेड्याची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यातलं अहिराणी 'शे' गेलं नव्हतं. आबा म्हणाले, पाह्य, चंद्राचं आन पान्याचं असं असं आहे. आई म्हणाली, "तठे पानी चढो नाहीतर उतरो, आठे माठमा पानी नही शे." आबांनी वही खाली ठेवली, घागर उचलली आणि जाता जाता म्हणाले, "आत्ता उतरू राह्यलं." माठातलं नव्हे, तिकडचं.

वहीतलं शेवटचं घर सगळ्यांत रुंद होतं. त्यावर लिहिलेलं असे, 'आपल्याकडे'. ते तिसऱ्या दिवशी भरायचं. आबांचं म्हणणं असं की तिकडं समुद्र खवळला की तिसऱ्या दिवशी वारा आपल्या बागेत येतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधल्या बोळातून तापी पश्चिमेला जाते. नदी ज्या वाटेनं जाते त्याच वाटेनं वारा येतो, उलटा. म्हणून त्या रुंद घरात असायचं: शेवरी हलली. पानं फाटली. धूळ, बाकी नाही. एक घड पडला. काही नाही. 'काही नाही' पुष्कळदा असायचं, आणि ते ते लपवत नसत. उलट त्याखाली बारीक अक्षरात प्रश्न असायचा. मधे डोंगरानं अडवला का? सुरतेला पाऊस झाला का? प्रश्नचिन्हाचा टिंब ते इतका दाबून काढत की मागच्या पानावर उमटायचा.

शिंदखेड्याला आजोळी जायचो तेव्हा आबा स्टेशनवर उतरल्यावर लगेच निघत नसत. तीच गाडी पुढं सुरतेला जायची. ती गेली त्या दिशेला रूळ जिथं एक होतात तिथं बघत ते उभे राहायचे, हातात आईचं गाठोडं घेऊन. मी एकदा विचारलं, आबा, एवढंच आहे तर पुढं जाऊन बघून या ना. ते म्हणाले, "पाहून काय करू. पाह्यला की मंग अंदाज कराची मजा राहत नही." आई म्हणाली, "यासना डोकामा बठ्ठा दर्याच भरेल शे, बाहेर जागा कोठे शे त्याले."

गावात अर्थातच थट्टा होती. आमच्या बागेला लागून पश्चिमेला भागवतभाऊंची बाग. आबांपेक्षा तीन-चार वर्षांनी लहान, उंच, गळ्यात तुळशीची माळ, आणि जिभेवर सदैव काहीतरी. सकाळी बांधावर भेटले की सुरू.

"काय आबा, जहाज कुठी लागलं आज?"

"तुह्या बांधाले. उतरून घे."

"मासे असतीन तं तुमीच ठेवा. आमी माळकरी."

"मासे नही. वारा आहे. शुक्रवारपर्यंत येईन."

"मंग शुक्रवारी लुगडे वाळत नको घालू म्हनून सांगतो घरी."

आणि असं म्हणून झाल्यावर, पाच-दहा पावलं पुढं जाऊन, भागवतभाऊ मागं वळून हळूच विचारायचे, "खरंच येईन का?" हे मी अनेकदा पाहिलं आहे. थट्टा मोठ्यानं, चौकशी हळू.

कारण केळीला वाऱ्याचं भय सगळ्यात मोठं. मृगात लावलेली बाग दुसऱ्या वर्षी वैशाखात घडांनी लगडलेली असते. खोड म्हणजे नुसते पाण्यानं भरलेले पापुद्रे, वर तीस-तीस किलोचा घड एका बाजूला लोंबलेला. अशा वेळी वारा आला की झाड उभं राहत नाही. आबांनी वारा येणार असं ठरवलं की दोन दिवस आधी आमच्याकडं वेगळीच गडबड सुरू व्हायची. खालची पानं छाटायची, म्हणजे वाऱ्याला धरायला कमी मिळतं. घडाखाली बांबूचे टेकू. शेजारशेजारच्या झाडांना केळीच्याच वाळलेल्या सालीची दोरी करून एकमेकांशी बांधायचं. बांधताना आबा गाठीला शेवटचा झटका देत म्हणायचे, "एकमेकाले धरून ऱ्हा." झाडांना. केळीचा चीक हाताला लागायचा, कपड्यांना लागायचा, आणि तो डाग कधीच जात नाही. माझ्या त्या काळातल्या एकूण एक कपड्यांवर ते तपकिरी ठिपके होते. पश्चिमेच्या बांधावर वारा अडवायला शेवरीच्या झाडांची दाट रांग. वारा आधी तिच्यात शिरायचा आणि एक बारीक, लांब आवाज निघायचा, तोंडानं हवा आत ओढल्यासारखा. मग पानं. फाटलेलं पान वाऱ्यात फडफडतं तो आवाज आणि पावसाचा आवाज सारखा असतो. पाहुणे फसायचे, आम्ही नाही.

दरवर्षी तयारी कामाला येई असं नव्हे. कधी वारा यायचाच नाही, बांबू उगाच उभे. पण चार वेळा वारा यावा आणि तीन वेळा आमची बाग उभी राहावी, असं झालं होतं. गाव आबांना हसायचं, आणि वैशाख लागला की आमच्याकडं बघायचं.

एकोणीस वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात आबांनी वही माझ्याकडं दिली. त्यांना संध्याकाळी पाणी धरायचं असायचं, वीज त्याच वेळी येई. म्हणाले, तुह्यं अक्षर चांगलं आहे, तू ऐक आन लिही. मला अभिमान वाटला, हे खरं आहे. चैत्रभर मी नेमानं ऐकलं. खवळलेला आणि किंचित खवळलेला यांतला फरक निवेदकाच्या आवाजावरून आधीच ओळखू यायला लागला होता. समुद्र कसा असेल याची मी माझ्यापुरती एक कल्पना केली होती. वरून बघितलेली केळीची बाग, पानंच पानं, सगळी एका अंगावर झुकून पुन्हा उठणारी. पुढं बऱ्याच वर्षांनी शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर सुरतेला गेले, तिथून किनाऱ्यावर. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. काळसर ओली वाळू लांबवर, आणि समुद्र नुसता आकाशाखालच्या रेघेएवढा. बरोबरच्या बाया हिरमुसल्या. मला मात्र आत कुठंतरी सुटल्यासारखं झालं. त्याच्यासमोर उभं राहण्याची माझी तयारी नव्हती.

आता ते पाच दिवस.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली होती. अंगणातल्या निंबाला आमचा झोका तसाच होता. त्याच सुमारास दुसऱ्या एका केंद्रावर, बरोबर हवामानाच्या वेळेला, फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. पोस्टकार्ड पाठवलं की गाण्याच्या आधी नाव घ्यायचे, गाव घ्यायचे. मी कार्ड पाठवलं होतं. माझ्या नावाशेजारी दुसरं कुणाचं नाव लिहिलं होतं, ते आता इथं सांगून उपयोग नाही. नाव वाचतील त्या दिवशी मी ऐकत असलं पाहिजे, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

पहिल्या दिवशी मी काटा फिरवला आणि हवामान संपल्यावर वही उघडून बसले. मागच्या पाच-सहा ओळी बघितल्या. त्यांच्यासारखीच एक लिहिली. वारा पश्चिम, वेग पंधरा, समुद्र दोन. कुणाला कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. तिसऱ्या दिवशी एक. खोटं लिहिताना मोठा आकडा लिहायची हिंमत होत नाही. मोठ्या आकड्याला लोक प्रश्न विचारतात. चौथ्या दिवशी एक. माझा समुद्र दिवसागणिक निवत गेला. आणि हे सांगायलाच हवं की मला ते लिहिताना वाईट वाटत नव्हतं. गंमत वाटत होती. मी एक आख्खा समुद्र करत होते आणि तो माझं ऐकत होता.

आबा रोज पाणी धरून आले की पाय धुवायच्या आधी वही बघायचे. "निवला का?" म्हणायचे. "असं कसं निवला. या दिवसांत निवत नही तो." आणि विचार करत राहायचे. चौथ्या दिवशी सकाळी भागवतभाऊ बांधावर आले. मी आबांची न्याहारी घेऊन गेले होते, त्यामुळं समोरच होते.

"आबा, टेकू लावू का? माणसं मिळू राह्यली आज."

आबांनी आभाळाकडं पाहिलं, शेवरीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "कालचा समुद्र किती?"

"एक," मी म्हटलं.

"नको लावू," आबा म्हणाले. "तिकडं शांत आहे. आठ दिवस तं काही नही."

पाचव्या दिवशी माझं नाव लागलं. गावाचं नाव चुकीचं उच्चारलं, पण लागलं. मी धाब्यावर एकटी होते. खालून आईनं विचारलं, "दर्यानी बातमी ऐकी का आज?" मी म्हटलं, हो. आणि पाचवी ओळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला वारा आला. पश्चिमेचं आभाळ आधी पिवळं झालं, मग विटकरी. शेवरीचा तो हवा ओढल्याचा आवाज झाला आणि थांबला नाही. केळीचं खोड मोडताना लाकडासारखा कडाका होत नाही. ओला आवाज होतो, पिकलं टरबूज जमिनीवर पडल्यासारखा. तो एक ऐकू येतो, दोन, मग मोजता येत नाहीत. वीस मिनिटं असेल. त्यानंतर इतकं शांत झालं की पाटातल्या पाण्याचा आवाज घरापर्यंत आला. आणि वास. कच्च्या केळीच्या चिकाचा, तुरट, थंड. आजही बाजारात कुणी केळफूल कापत असेल तर मी रस्ता बदलते.

आबा बागेत उभे होते. झाडं सगळी आडवी, सगळी एकाच दिशेला, डोकी पूर्वेला. मला वाटलं होतं ते खाली बसतील. ते चालत राहिले, वाकून वाकून बघत. एवढं झाल्यावरही ते बघत होते, कोणतं झाड कसं पडलं, कुठल्या कोपऱ्यात दोन उभी का राहिली. माझ्याशी बोलले तेव्हा आवाजात नुसतं कोडं होतं.

"वारा तं तिकडूनच आला. मंग वही असं कसं बोलते?"

मी तेव्हा बोलले असते तर अर्ध्या मिनिटात झालं असतं.

भागवतभाऊंची बाग तर शेवरीशिवायची. त्यांच्याकडं उभं असं काही राहिलंच नाही. संध्याकाळी ते पारावर होते, आणखी दहा-पंधरा जण होते. आबा गेले. मी मारुतीच्या देवळाच्या भिंतीआड उभी राहून ऐकलं. भागवतभाऊंनी थट्टा केली नाही. साध्या आवाजात म्हणाले, "आबा, तुमच्या समुद्रानं आमाले बुडवलं." आबांनी पागोटं काढून हातात घेतलं. म्हणाले, "माह्यी चूक झाली. समुद्राचा आन आपला काही संबंध नही. मीच धरून बसलो होतो."

सगळ्यांसमोर म्हणाले. अकरा वर्षांच्या वह्या एका वाक्यात मिटल्या. घरी येऊन त्यांनी त्या पेटीत ठेवल्या, आणि रेडिओ माझ्या भावाला देऊन टाकला. त्यानंतर आबांनी कधी समुद्राचं नाव काढलं नाही. खाट पूर्वेकडं तोंड करून टाकायला लागले. जेवताना ताटाकडं बघून जेवायचे. भागवतभाऊ आमच्या अंगणात आले नाहीत आणि आबा त्यांच्या. लग्नकार्यात समोर आले तर राम राम, तेवढंच. त्या भागात पुढं हवामान सांगणारे फोन आले, संदेश आले, सगळे शेतकरी वाऱ्याचा आकडा बघून कामाला लागू लागले. आबा विचारत नसत.

बाग पुन्हा उभी राहिली. केळीचं असंच असतं, खोडाशेजारी पिल्लू असतंच. मला त्या बागेचं एवढं लागलं नाही. लागलं ते दुसरंच. एक माणूस जगाला रोज एक प्रश्न विचारत होता, आणि मी त्याला खोटं उत्तर देऊन गप्प केलं. तेही एका गाण्यापायी, जे मला आज आठवतसुद्धा नाही. लग्न होऊन मी धुळ्याला गेले, शाळेच्या ऑफिसात लागले, मुलं मोठी झाली, आई गेली. तिला माहीत होतं का, हे मी तिला विचारलं नाही. एकतीस उन्हाळे मी माहेरी येत राहिले, दरवर्षी सांगायचं ठरवून. दरवर्षी आंब्याची पाटी घेऊन परत जात राहिले.

यंदा सकाळी साडेआठला, फोनवरच्या त्या पांढऱ्या रेषा बघत असताना, आबा पलीकडच्या खाटेवरून म्हणाले, "एवढं काय पाहू राह्यली? बोलत नही, चालत नही."

मी म्हटलं, "समुद्र."

मग, तोंड पूर्वेकडंच ठेवून, "कोनती बाजू वाऱ्याची?"

"नैर्ऋत्य."

"लाट?"

"एक पूर्णांक आठ मीटर."

"आन पानी? चढतं का उतरतं?"

"चढतंय आबा. ठिपका आहे त्याच्यावर. हळूहळू वर सरकतो."

"ठिपका," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला बघवेना. भूक लागल्याचं एकदम लक्षात यावं तसं. त्यांनी हात पुढं केला. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांना दिसणार नव्हतं, तरी त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, आणि काचेवरून अंगठा फिरवला.

मी सांगितलं. काहीही न लपवता, वरती लिहिलं आहे तसंच, कार्डासकट. माझा आवाज कोरडा होता. रडू येईल असं एकतीस वर्षं वाटत आलं होतं, ते आलं नाही.

आबा म्हणाले, "किती दिवसांचं?"

"पाच."

"पाची खोटे?"

"पाची."

"आन नाव? घेतलं का तुह्यं?"

"घेतलं."

"हं." त्यांनी फोन खाटेवर ठेवला, अगदी हळू, अंडं ठेवावं तसा. हात मांडीवर पालथे ठेवून बसून राहिले. एक ट्रॅक्टर केळीचे घड घेऊन गेला, त्याची धूळ अंगणात आली, बसली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते बोलले, माझ्याशी नव्हे, समोर.

"म्हंजे मी चुकलो का नही, ते अजून ठरलंच नही."

मग आवाज चढला. तो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता. "बाग जाते, येते. तुवं मले चार लोकांत खोटं पाडलं. आन मी माह्याच तोंडानं व्हय म्हटलं. एकतीस वर्षं, पोरी. मी इकडं तोंड करून बसलो."

खाटेवरचा फोन मी उचलून घेतला.

श्वास शांत झाल्यावर आबा म्हणाले, "त्या पाच दिवसांचा खरा आकडा आता मिळतो का कुठी?"

"शोधते. माहीत नाही, आबा."

"मिळाला तं लिही. नही मिळाला तं त्या ओळी खोडून टाक. रिकाम्या ठेव. पन मनचं लिहू नको." मग हातानं खाट चाचपत काठी शोधली, ती सापडल्यावर जमिनीवर एकदा टेकवली. "मले सांगून काय फायदा. भागवतले सांगून ये. ऊन चढायच्या आत जाय."

हे मी हिशेबात धरलेलं नव्हतं. आबांना सांगायचं, एवढ्याचीच मी एकतीस वर्षं तालीम केली होती. भागवतभाऊंचं घर चार घरं सोडून आहे. ती चार घरं चालताना मला माझ्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

भागवतभाऊ ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ऐंशी झाले तरी पाठ ताठ. मला बघून म्हणाले, "कवा आली? धुळ्याची हवा मानवली दिसते." सुनेनं पाणी आणून दिलं आणि आत गेली. मी पाणी प्यायले नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. आबांनी तुम्हाला टेकू लावू नका म्हटलं ते माझ्या आकड्यावर, आणि तो आकडा मी मनानं लिहिला होता. आबांचं काही चुकलं नव्हतं. निदान त्या वेळी तरी नाही.

अडकित्ता थांबला होता. ते माझ्याकडं बघत होते, पण मला बघत नव्हते.

"बस," ते म्हणाले. मी बसले.

"आबानं होकार देला असता ना," ते म्हणाले, "तरी मी टेकू लावनार नव्हतो. बांबूच नव्हते माह्याजवळ. आनले नव्हते मी. आळस केला. माणसं मिळू राह्यली म्हटलं ते बी असंच, तो काय म्हनतो पाह्याले. त्यानं नको म्हटलं, मी सुटलो." सुपारीचे तुकडे तळहातावर होते, ते त्यांनी परत डबीत टाकले, एकेक करून. "घरात बायको विचारे, टेकू काहून नही लावले. मी म्हने, आबानं नही म्हटलं. पारावर बी तेच म्हटलं. त्यानं पागोटं काढलं तवा मले वाटलं आता सांगावं. पन लोक होते."

मला हलकं वाटलं का, असं कुणी विचारेल. नाही वाटलं. त्यांचे बांबू त्यांचे, माझ्या ओळी माझ्या. पण एवढी वर्षं मी एकटीच ज्या भिंतीआड उभी आहे असं समजत होते, तिच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक माणूस उभा होता, हे बघून मी जरा चकित झाले होते.

"आबांना सांगू का मी हे?" मी विचारलं.

"तू काय सगळ्यांचंच सांगत फिरनार का आता?" भागवतभाऊ उठले. "माह्यं मी सांगन."

चपला शोधायला त्यांना वेळ लागला. एक सापडली, दुसरी पायरीखाली गेली होती. मी वाकून काढून दिली. उन्हात ते माझ्यापुढं चालत होते, एवढ्या वयाच्या मानानं भराभर, आणि आमच्या फाटकाशी येऊन थांबले. कडी कशी उघडते ते त्यांना आठवेना. कडी बदलूनही वीस वर्षं झाली होती. मी ती उघडली. निंबाखाली आबांनी खाटेवरून मान वळवली आणि पावलं ओळखायचा प्रयत्न करत राहिले.

भागवतभाऊ आत गेले. मी फाटकाबाहेरच थांबले. निंबाखाली दोघं बराच वेळ बोलत होते. अधूनमधून आबांचा हात वर उठायचा आणि पश्चिमेकडं कुठंतरी दाखवायचा. भागवतभाऊ तिकडं बघायचे. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, म्हणून मी इथं लिहीत नाही.